हुकुमदाराची खिंड

खरं तर ही गोष्ट मी सांगायची नाही. आमच्या करंजवडीत तसा नियम आहे. ज्या घरातलं माणूस पहाऱ्यावर असेल, त्या घरानं ते परत येईपर्यंत खिंडीची गोष्ट सांगायची नाही. माझी आई पोलीस आहे आणि परवापासून बंदोबस्ताला गेली आहे. एरवी पाहुण्यांना गोष्ट सांगतात ते भागूजीबापू, पण ते आज डोळे दाखवायला तालुक्याला गेलेत. मघाशी तुमच्यातल्या या दादांनी खिंडीत आवाज घुमतो म्हणून "कोण आहे रे? तुझा बाप!" असं ओरडून पाहिलं आणि तुम्ही सगळे हसलात. म्हणून सांगते.

ही वाट बघा. एका वेळी एक बैल जेमतेम जाईल एवढीच. दोन्ही अंगांना हे दोन दगड. त्यांना शेंदूर नाही, हार नाही, नारळ नाही. येणारा माणूस इथे थांबतो, "दोस्त" म्हणतो, आपलं नाव सांगतो आणि मग पुढे जातो. लग्नाची वरातही इथे वाजंत्री बंद करते. शाळेला जाताना आम्हीही म्हणतो. मला आधी मोठ्यानं म्हणायची लाज वाटायची.

इंग्रजांचा अंमल नवा होता तेव्हा इथे पोलिसांची चौकी होती, असं सांगतात. चौकीत दोघेच होते, जमादार गोमाजी खोमणे आणि शिपाई इमाम मुलाणी. साहेबानं त्यांना पहाऱ्यावरची इंग्रजी हाक शिकवली होती, 'हू कम्स देअर'. 'कोण येतंय तिकडे?' असा तिचा अर्थ. आपल्या माणसांच्या तोंडी तिचं 'हुकुमदार' झालं. पहारेकऱ्यानं "हुकुमदार!" म्हणायचं आणि येणाऱ्यानं "दोस्त" असं उत्तर द्यायचं. उत्तर नीट आलं नाही तर वाट बंद.

गोमाजी कमी बोलणारा. इमाम मात्र हसरा, सगळ्या गावाचा लाडका. पलीकडच्या रानात सरपणाला गेलेल्या बायका दिवेलागणीला याच वाटेनं परतत. त्यांच्या पुढे असायची चिंगूबाई. इमामनं हाक दिली की ती लांबूनच म्हणायची, "तुझी सासू! सर बाजूला, मान मोडली माझी."

"या सासूबाई. लेक कधी देताय?"

"आधी दाढी कर मेल्या, मग बघू."

सगळ्या हसायच्या. गोमाजी एकदा म्हणाला, "इमाम, माणूस ओळखीचं असलं तरी शब्द ऐकून घे."

"जमादार, आपल्याच बाया आहेत. त्यांना काय अडवायचं?"

हळूहळू सगळं गावच तसं उत्तर देऊ लागलं. 'दोस्त' कुणी म्हणेना. पलीकडच्या रानात तेव्हा दरोडेखोरांची टोळी उतरली होती. गवतात पडून ते हे सगळं ऐकत होते, म्हणे.

एके दिवशी बायका दुपारीच परतल्या. इमाम तेव्हा झोपला होता आणि पहाऱ्यावर गोमाजी होता. बायका गेल्याचं त्यानं नंतर इमामला सांगितलं नाही. त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं.

संध्याकाळी धुकं दाटलं. डोक्यावर मोळ्या घेतलेली लुगडी वाटेनं वर येऊ लागली. इमामनं हाक दिली, "हुकुमदार!" धुक्यातून बारीक आवाज आला, "तुझी सासू!" इमाम हसला आणि बंदूक भिंतीला टेकवून बाजूला सरला. पहिल्याच मोळीतून कुऱ्हाड निघाली. सकाळी तो सापडला तेव्हा त्याच्या तोंडावर हसू तसंच होतं, असं सांगतात.

गोमाजी चुलीपाशी होता. तो तलवार घेऊन वाटेत आडवा उभा राहिला. खाली गावाची वेस सताड उघडी होती, पोरं बाहेर खेळत होती. पळत जाऊन गावाला सांगावं, तर खिंड मोकळी पडणार. खिंड धरावी, तर गावाला कळणार नाही. मग लढता लढता तो ओरडू लागला, "हुकुमदार! हुकुमदार!"

हाक गावात पोचली आणि गाव हसलं. ओट्यावरून कुणीतरी ओरडलं, "तुझी सासू!" पोरांनी तेच धरलं. वर एक माणूस मरत होता आणि खाली सगळे त्याला 'तुझी सासू' म्हणत होते. 

चूल पेटवणाऱ्या चिंगूबाईचा हात मात्र थांबला. "गप बसा!" ती म्हणाली. "हा इमाम नाही, जमादार आहे. त्यानं कधी दुसऱ्यांदा हाक दिली नाही. आणि आम्ही सगळ्या तर घरी आहोत. मग हा हाक देतोय कुणाला?" तिनं धावत जाऊन वेशीच्या दाराला खांदा लावला. मग लोक धावले. अडसर पडला तोवर वरची हाक थांबली होती.

टोळी वेशीपर्यंत आली, गोफणी घेऊन उभी असलेली माणसं तिनं पाहिली आणि ती परत फिरली.

उजाडल्यावर गाव वर चढलं. गोमाजी वाटेत आडवा पडला होता. त्याला ओलांडल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं. चिंगूबाई त्याच्या डोक्याशी बसली.  मग ती म्हणाली, "दोस्त. चिंगूबाई, करंजवडीची." इमामजवळ जाऊनही ती तेच म्हणाली. मग गावातलं एकेक माणूस पुढे आलं, तेवढंच बोललं आणि मान खाली घालून बाजूला झालं. जिथे ते दोघे पडले, तिथे हे दगड आहेत.

आजही पोलीस स्मृतिदिनाला सगळं गाव वेशीत उभं राहतं. त्या वर्षात जे पोलीस कामावर असताना गेले, त्यांच्यासाठी इथून एक जण हाक देतो आणि खालून अख्खं गाव "दोस्त" म्हणतं. गेल्या वर्षी हाक माझ्या आईनं दिली होती. मला तिचा आवाज ओळखूच आला नाही. आणि आजही पहाऱ्यावरून परतणारं माणूस आधी इथे थांबून हाक देतं. घरातून उत्तर आल्याशिवाय ते खाली उतरत नाही. आईसुद्धा फाट्यावर एसटीतून उतरते, चालत इथवर येते आणि मला हाक देते. आज ती यायची आहे, म्हणून मी सकाळपासून इथेच...

"वैजू! ए वैजू! खाली ये गं आधी. खालच्या रस्त्यानं आईच्या ठाण्याची गाडी आलीय."

काका बोलावताहेत. पण गाडी कशी आली? आई तर नेहमी चालत येते. आणि गाडीनं आली तरी आधी इथे येऊन हाक दिल्याशिवाय ती कधी