मोजायचं राहिलेलं

“आक्का, एक आकडा द्या... एवढंच. त्यात तुमचं काय जातंय?”

बैरागीण सोनाक्का आपल्या मठीसमोर शेणी थापत बसली होती. तिनं वर बघितलंच नाही.

विचारणारा केरबा. मटका लावणारा. या लोकांची समजूत अशी, की साधूबैराग्याच्या प्रत्येक हालचालीत आकडा असतो. शिव्या दिल्या की मोजायच्या. दगड मारले की मोजायचे, लागले तर आणखी चांगलं. केरबाला तर गर्व होता, की खूण ओळखावी ती आपणच. घरातलं सोडून त्याला सगळं ओळखता यायचं.

“खिशात काय आहे?” सोनाक्कानं विचारलं.

“पैसे.”

“कशाचे?”

केरबानं खिसा चाचपला.

“बायकोनं शेळी विकली. सुलीचा चष्मा तयार आहे दुकानात, तो आणायला धाडलंय. पोरीला फळ्यावरचं दिसत नाही. मास्तर म्हणतात, पुढं सरक. सरकली तरी दिसत नाही.”

“मग दुकान इकडं आलं होय?”

“आज लागला तर दोन चष्मे आणीन, आक्का. सोनेरी काडीचे.”

“तिला डोळ्यांचे दोन जोड आहेत?”

“दोन जोड...” केरबाचे डोळे चमकले. “म्हणजे चार. चार म्हणता?”

सोनाक्कानं शेणाचा गोळा उचलला आणि त्याच्या सदऱ्यावर हाणला. मग दुसरा. मग तिसरा.

केरबा जागचा हलला नाही. नुसते ओठ हलत होते.

“तीन. पण शेवटचा कानाला चाटून गेला, तो धरायचा का?”

“मुडद्या.”

“ही शिवी वेगळी मोजू?”

सोनाक्कानं डोळे वटारले. ती अशी चिडली की मठीतलं मांजरसुद्धा बाहेर जायचं.

“मागं आला होतास, तेव्हा काय मोजलं होतंस?”

“तुम्ही दोनदा शिंकला होता. दोन लावला. आला सात.”

“मग?”

“तुमची शिंक खोटी कशी असेल? माझंच मोजायला चुकलं. सुलीच्या पुस्तकांचे पैसे गेले त्यात... पण आज नीट मोजतोय.”

सोनाक्का उठली. हात धुतले नाहीत. खांद्यावरचं फडकं ओढलं, तसल्याच हातांनी त्याच्या डोळ्यांवर करकचून बांधलं आणि मागं गाठ मारली.

“चल, नीघ.”

“कुठं?”

“चष्म्याच्या दुकानात.”

“आक्का, मला काही दिसत नाही.”

“पुढं सरक.”

केरबा सरकला. शेणीच्या ढिगावर गुडघा आपटला. कळ मस्तकात गेली. दोन्ही हात पुढं धरून तो चाचपडायला लागला.

“तरी दिसत नाही.”

“आणखी पुढं सरक. मास्तरांचं ऐकायचं असतं.”

तो पुन्हा ठेचकाळला, या खेपेला पायरीला. खालीच बसला.

“सोडा की, आक्का. पडून मरेन मी.”

“पोरगी किती वेळा पडली?”

“कोण, सुली?”

“माझ्या शिंका मोजतोस. शेणाचे गोळे मोजतोस. पोरगी किती वेळा पडली, ते सांग.”

केरबानं मोजायला बोटं उघडली...

एकही मिटलं नाही.

“मोजलं नाही,” तो म्हणाला.

सोनाक्का परत शेणी थापायला बसली. तिच्या हाताचा आवाज यायला लागला. थप... थप... केरबानं या वेळी तो मोजला नाही. खिशावर हात दाबून धरला आणि भिंतीच्या आधारानं उठला.

“दुकानाकडं कसा जाऊ?”

“विचारत जा. मटक्याचा अड्डा तरी आईच्या पोटात कळला होता का तुला?”

त्याचा हात हळूच डोक्यामागं गाठीकडं गेला.

“आणि ही गाठ, आक्का?”

“सुली सोडेल. चष्मा घालून.”