शेवटची फेरी, शनिवारी सहा वाजता

नदीकाठच्या एका तालुक्याच्या गावात एक कॉलेज होते आणि त्या कॉलेजात सिनेमाचा वर्ग होता. गावाला त्याचे फार कौतुक होते अशातला भाग नाही. मुले कॅमेरा घेऊन बाजारातून निघाली की लोक विचारत, “लग्न कुणाचं?” प्राचार्यांनाही हा वर्ग म्हणजे नसती उठाठेव वाटे. एके दिवशी त्यांनी मुलांना बोलावून सांगितले, “यंदाचा सिनेमा सभागृहात सगळ्यांना दाखवा. सभागृह भरलं तर वर्ग चालू राहील. नाही भरलं, तर पुढच्या वर्षी त्या खोलीत टायपिंगचा वर्ग बसेल.”

सिनेमा मुलांनी जीव लावून केला होता. तो होता आनंदातात्या भोई यांच्यावर. तात्यांनी जन्मभर नदीवर नाव चालवली. दोन्ही काठांची गावे त्यांच्याच नावेतून एकमेकांकडे जात. वऱ्हाडे, बाळंतिणी, शाळेची पोरे, शेळ्या, गुळाच्या ढेपी, सगळे तात्यांच्या भरवशावर. मग पूल झाला आणि नाव काठाला लागली. तात्या गावाबाहेर जुन्या घाटावर राहत. पूल झाल्यापासून तिकडे कोणी फिरकत नसे. मुलांनी त्यांना पुन्हा एकदा नाव पाण्यात घालायला लावली, ती फेरी कॅमेऱ्यात धरली आणि सिनेमाचे नाव ठेवले ‘शेवटची फेरी’.

सिनेमा झाला. आता तो लोकांना सांगायचा कोणी? प्रसिद्धीचे काम कोणालाच नको होते. ते हर्षदा पिसाळकडे आले, कारण कामे वाटली त्या दिवशी ती तापाने घरी होती. चित्रीकरणातही तिच्या वाट्याला काठावर सगळ्यांच्या चपला सांभाळण्यापलीकडे काही आले नव्हते. म्हणून तिने हे काम फारच मनावर घेतले.

तिने गावातले फ्लेक्स निरखून पाहिले. सगळे एकाच माळेचे. मधोमध वाढदिवसाचे भाऊ, डोळ्यांवर गॉगल, खाली शुभेच्छुकांच्या मुंडक्यांच्या रांगा आणि रंग असे की डोळे दुखावेत. आपला फ्लेक्स असा नको, असे हर्षदाने ठरवले. तो साधा हवा, सभ्य हवा. तिने तात्यांचा हसरा फोटो निवडला आणि तो काळा-पांढरा करून घेतला. खाली मोठ्या अक्षरांत लिहिले, ‘आनंदातात्या भोई’. त्याखाली ‘शेवटची फेरी’. त्याखाली ‘शनिवारी संध्याकाळी सहा वाजता, कॉलेजचे सभागृह. सर्वांनी उपस्थित राहावे.’ आणि तळाशी, ‘समस्त विद्यार्थी परिवार’.

तुम्ही हसलात. हर्षदा हसली नाही. तिला ते फार सुंदर वाटत होते.

फ्लेक्स छापणाऱ्याने मजकूर वाचला आणि त्याचा आवाज एकदम खाली आला.

“कधी झालं, ताई?”

“मागच्या महिन्यात,” हर्षदा म्हणाली. तिला वाटले, तो चित्रीकरणाचे विचारतो आहे.

“कुठं?”

“नदीवरच. नावेतच झालं सगळं.”

“अरेरे,” तो म्हणाला. “फोटोला हार टाकू का?”

“नको, नको. साधंच छान दिसतं.”

त्याने एका भाऊंच्या वाढदिवसाचे काम बाजूला ठेवले आणि आधी तिचे फ्लेक्स छापून दिले. माणूस कलेची कदर करणारा दिसतो, असे हर्षदाला वाटले.

फ्लेक्स दोन्ही काठांच्या गावांत लागले आणि काय विचारता! लोक त्यांच्यापुढे थांबू लागले. काहींनी तर चपला काढून हात जोडले. फोटो मोबाइलवर फिरू लागला. फ्लेक्सच्या कोपऱ्यात संपर्काचा नंबर हर्षदाचा होता, त्यामुळे तिला फोनावर फोन. “शनिवारी सहाला ना? सगळं घर येणार आमचं.” एक म्हातारे गुरुजी तर फोनवर हुंदके देऊ लागले.

हर्षदा हरखून गेली. ती तुषारला म्हणाली, “बघ, पोस्टर बघूनच लोक रडतायत. सिनेमा बघितल्यावर काय होईल!” तुषार हा सिनेमाचा दिग्दर्शक. आपल्या कॅमेऱ्यातच एवढी ताकद आहे, असे त्याला वाटले आणि तो दोन दिवस जरा ताठ चालला.

मग एका सकाळी प्रार्थना संपल्यावर प्राचार्य स्वतः माइकपुढे आले. त्यांचा चेहरा उतरला होता. “आपल्या विद्यार्थ्यांच्या चित्रपटाचे नायक आनंदातात्या आपल्याला सोडून गेले,” ते म्हणाले. “लहानपणी मी त्यांच्याच नावेतून शाळेला येत असे. आपण सर्व जण दोन मिनिटे स्तब्ध उभे राहू.”

सगळे कॉलेज स्तब्ध उभे राहिले. हर्षदाने तुषारकडे पाहिले, तुषारने हर्षदाकडे. आदल्याच संध्याकाळी दोघे तात्यांकडे चहा प्यायले होते आणि चहात साखर कमी पडली म्हणून तात्यांनी कुरकुर केली होती. त्या दोन मिनिटांत आपला फ्लेक्स हर्षदाच्या डोळ्यांपुढे लख्ख उभा राहिला. आपल्याकडे फ्लेक्सवर रंगीत फोटो आला की वाढदिवस. काळा-पांढरा आला की दुसरे काय असते, हे शेंबडे पोरही सांगेल.

“आत्ताच जाऊन सरांना सांगू,” बाहेर आल्यावर ती म्हणाली.

“वेडी आहेस का?” तुषार म्हणाला. “तात्या गेले असं आपण कुठं लिहिलंय? लोकांनी वाचायचं तसं वाचलं. शनिवारपर्यंत गप्प बस. हॉलमध्ये उभं राहायला जागा उरणार नाही. सिनेमा संपला की तात्यांना स्टेजवर आणू. लोक खुर्च्यांवर चढून टाळ्या वाजवतील. वर्ग वाचेल, हर्षदा.”

तुषार वाईट मुलगा नव्हता. वर्ग बंद पडू नये म्हणून तो काहीही करायला तयार होता, इतकेच. हर्षदालाही तो वर्ग हवा होता. चपला सांभाळणाऱ्या मुलीच्या हातून पहिल्यांदाच काही मोठे घडत होते. ती हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. मुकाट्याने तुषारबरोबर घाटावर गेली.

तात्यांना सगळे सांगून तुषार म्हणाला, “तेवढं शनिवारपर्यंत घरातच राहा, तात्या. बाजारात येऊ नका.”

तात्या पोट धरून हसले. “मंजी मी मेलो व्हय? आरं वा! आन् लोकं काय म्हनत्यात?”

“फार चांगलं बोलतात.”

“मग ऱ्हातो की घरात. पूल झाल्यापासनं कोन इचारतंय? मेल्यावर तरी आठवन काढली म्हनायची.”

ते अजून हसतच होते. हर्षदाला मात्र हसू आले नाही.

तेवढ्यात घाटाच्या वाटेवरून रडण्याचा आवाज आला. ती बायजाक्का होती, तात्यांची थोरली बहीण. पलीकडच्या गावात दिलेली. आक्काला वाचता येत नव्हते. एसटी स्टँडवर तिने भावाचा फोटो पाहिला, त्यात रंग नाही हे पाहिले आणि कोणाला एक शब्द न विचारता ती चालू लागली. चपला घालायचेही तिला भान राहिले नव्हते.

रडणे ऐकून तात्या दारात आले. आक्काचे रडे जागच्या जागी थांबले. तिने भावाला खालीवर न्याहाळले. मग पुढे होऊन त्याच्या पाठीत सणसणीत धपाटा घातला.

“जित्ता हाईस व्हय रं, मुडद्या!”

एवढे बोलून ती उंबऱ्यावर बसली. तात्यांनी पाणी दिले, ते तिने हातातच धरले.

“पुलावर उबी ऱ्हायले हुते मी,” ती म्हणाली. “पान्याकडं बगत. म्हनलं, आता ह्या काठाला माजं कोन हाय?”

तात्यांचे हसणे पार मावळले. हर्षदाने आक्काचे धुळीने माखलेले पाय पाहिले आणि तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

“आक्का, तो फोटो मी लावला,” ती म्हणाली. “चूक माझी आहे.”

“तू मारलंस व्हय गं माज्या भावाला?”

“हो.”

“मग आता जित्ता बी तूच कर,” आक्का म्हणाली. “आन् आजच कर. आजून कुनी माज्यावानी चालत निगालं आसंल.”

तुषार हळूच म्हणाला, “हर्षदा, हॉल रिकामा राहील.”

“राहू दे,” हर्षदा म्हणाली आणि निघाली.

ती आधी प्राचार्यांकडे गेली. हे सगळ्यांत अवघड होते. वर्गाचे काय करायचे ते ज्यांच्या हातात, त्यांनाच सांगायचे होते की सर, तुम्ही धडधाकट माणसासाठी स्तब्ध उभे राहिलात. प्राचार्यांनी सगळे ऐकून घेतले. त्यांचे कान लाल झाले.

“मी वर्तमानपत्राला बातमीही दिली आहे,” ते म्हणाले. “जा तुम्ही.”

हर्षदा गेली. तिने मोठ्या लाल अक्षरांत कागदाच्या पट्ट्या लिहिल्या: ‘आनंदातात्या खुशाल आहेत. हे सिनेमाचे पोस्टर आहे. घोळ माझ्यामुळे झाला, माफ करा. सिनेमाला मात्र या. हर्षदा पिसाळ.’ आणि ती गावोगाव फिरून फ्लेक्सवर त्या चिकटवू लागली. तुषार कुरकुरत का होईना, खळीची बादली घेऊन तिच्यामागे हिंडला.

जिथे पट्टी लागे तिथे माणसे जमत. पुष्कळांचा जीव भांड्यात पडला. काही जण चिडले. “मी तुमच्यापायी बारशाचं जेवण सोडलं,” असे एकाने सुनावले. हर्षदाने त्याची माफी मागितली. बहुतेकांनी मात्र एवढेच विचारले, “तात्या बरे आहेत ना? मग झालं तर. शनिवारी यायचं काही कारण राहिलं नाही.” आणि ते निवांत घरी गेले. माणूस गेला म्हटले की गाव कामे टाकून येते. माणूस सिनेमात आहे म्हटले की त्याच गावाला नेमके उसाला पाणी पाजायचे असते.

शनिवार उजाडला, संध्याकाळ झाली. सभागृह निम्मे भरले. पहिल्या रांगेत तात्या नवा पटका बांधून बसले होते आणि शेजारी बायजाक्का. प्राचार्य मागे एका कोपऱ्यात बसले.

सिनेमा सुरू झाला. पडद्यावर तात्यांची नाव पाण्यात उतरली तशी कुजबुज थांबली. नाव पलीकडच्या काठाला लागली. तिथे कोणीही वाट पाहत उभे नव्हते. पडद्यावरचे तात्या थोडा वेळ थांबले, मग त्यांनी रिकामी नाव वळवली. सभागृहात कोणी नाक ओढले, कोणी डोळ्यांना पदर लावला. “आरं, दमानं वल्हव की!” आक्का मोठ्याने म्हणाली आणि रडता रडता लोक हसले. सिनेमा संपल्यावर टाळ्या बराच वेळ थांबल्या नाहीत. हर्षदा दाराशी उभी राहून टाळ्या ऐकत होती आणि रिकाम्या खुर्च्यांकडे पाहत होती.

प्राचार्य मंचावर आले.

“सिनेमा उत्तम झाला आहे,” ते म्हणाले. “मला माझी शाळा आठवली. पण अट सभागृह भरण्याची होती आणि मी शब्द दिलेला आहे. निम्म्या खुर्च्या रिकाम्या आहेत. माझा नाइलाज आहे.”

तुषारने मान खाली घातली. हर्षदाचे डोळे भरून आले.

“काय म्हनतंय त्ये?” आक्काने भावाला विचारले. तात्यांनी तिला अट सांगितली. खुर्चीचा दांडा धरून आक्का उभी राहिली.

“सायेब, येक इचारू?”

“विचारा, आक्का.”

“ही निम्मी मान्सं आज येनार हुती न्हवं? रडायला?”

“हो, येणार होती.”

“मग का न्हाई आली?”

“तात्या जिवंत आहेत हे त्यांना कळलं म्हणून.”

“कुनी सांगितलं त्यांस्नी?”

प्राचार्यांनी दाराशी उभ्या असलेल्या हर्षदाकडे पाहिले. “हिनं.”

“मग ती मान्सं खरं कळलं म्हनून घरला निवांत बसल्यात,” आक्का म्हणाली. “ती बी मोजा की, सायेब.”

प्राचार्य रिकाम्या खुर्च्यांकडे पाहत राहिले. तिथे कोण कोण बसले असते, हे त्यांना ठाऊक होते. त्यांच्या गावचे गुरुजी, त्यांचे वर्गमित्र, त्यांचे सख्खे चुलते. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर हसू आले.

“मोजली,” ते म्हणाले. “सभागृह भरलं.”

तात्पर्य: आपल्या कामासाठी लोकांना हाक जरूर मारावी, पण ती खरी असावी; आणि खरे सांगितल्यामुळे जो आला नाही, तोही आपल्याच बाजूचा धरावा.