कार्डाचं नाव

शुक्रवार, १९ एप्रिल. अकोला. सकाळपासून कडक ऊन, वारा अजिबात नाही. दुपारी दुकानाच्या शटरला हात लावला तर चटका बसला.

"सगळ्यात शेवटी काय निवडलंस, ते आधी सांग."

आमच्या कंप्युटरच्या दुकानात गावंडे सर प्रत्येकाला हाच प्रश्न विचारतात. सुटे भाग निवडून कंप्युटर जुळवून घ्यायला आलेला माणूस आवडती वस्तू पहिल्यांदा निवडतो आणि उरलेल्या पैशांत बाकीचं बसवतो. म्हणून सर उलटीकडून सुरुवात करतात. मी त्यांच्या हाताखाली जुळणीचं काम करतो. हा प्रश्न चुकवून पुढे गेलेलं गिऱ्हाईक मी अजून पाहिलेलं नाही.

समोर शंतनू तायडे बसला होता. गेमिंगमध्ये शहरात त्याचं नाव आहे, आणि ते त्याला चांगलं ठाऊक आहे. रविवारी विभागाची ऑनलाइन स्पर्धा होती, संघाचा कप्तान तोच. जुनं मशीन मागच्याच महिन्यात जळालं होतं. कुरिअरच्या गोदामात दोन वर्षं खपून साठवलेले साठ हजार तो घेऊन आला होता.

"शेवटचं कशाला, सर? पहिल्यापासून सांगतो नं. तुम्ही ग्राफिक्स कार्ड तर ऐका!"

"शेवटचं."

"...पॉवर सप्लाय."

"कोणता?"

"कॅबिनेटसोबत येतो तो. फुकट आहे."

टेबलावरचा पाण्याचा ग्लास सरांनी थोडा बाजूला सरकवला.

"त्याच्या आधी?"

"कॅबिनेट. एका बाजूला पूर्ण काच, आत रंगीत पंखे. दिवे लागले की नुसतं बघत राहावंसं वाटतं, सर."

"खेळायचंय का बघायचंय?"

"दोन्ही," शंतनू हसला.

"त्याच्या आधी?"

"रॅम. सध्या एकच पट्टी. दुसरी पुढं पाहू."

"बरं. आता पहिलं सांग."

शंतनू ताठ बसला. त्याने कार्डाचं नाव सांगितलं. मागचे आकडे, अक्षरं, सगळ्यांसकट. लग्नपत्रिकेतलं नवरदेवाचं नाव वाचावं तसं.

"अर्ध्याहून जास्त पैसे त्यातच गेले," सर म्हणाले.

"मग! विभागात एकाही खेळाडूकडे नाही, सर."

"रविवारी किती वेळ खेळायचं?"

"चार-पाच तास. दुपारी."

"घरी एसी?"

"कूलर."

"तो फुकटचा सप्लाय एवढ्या कार्डाला एवढा वेळ पोसेल? या उन्हात?"

"व्हिडिओत एकाचा मस्त चालला होता."

"कुठला तो?"

"...कॅनडाचा."

मी स्क्रूचा डबा शोधायच्या निमित्ताने पाठ फिरवली.

"एक पायरी खालचं कार्ड घे," सर म्हणाले. "उरलेल्यात चांगला सप्लाय, रॅमची दुसरी पट्टी, हवा खेळती राहील असं जाळीचं कॅबिनेट. सगळं बसतं."

"नाही जमणार."

"काऊन?"

"नाव सांगून बसलोय, सर. संघाला सांगितलं, ग्रुपवर टाकलं, अमरावतीच्या कप्तानालाही ऐकवलं. आता खालचं आणलं तर तोंड कुठं दाखवू?"

"म्हणजे नाव पाहिजे."

"...हो."

सर उठले. गेल्या दिवाळीत वाशिमच्या एका फोटो स्टुडिओसाठी आम्ही हेच कार्ड बसवलं होतं. त्याचा खोका आमच्याकडेच राहिला होता. सरांनी तो माळ्यावरून काढला, फडक्याने पुसला आणि शंतनूच्या मांडीवर ठेवला.

शंतनूने झाकण उघडलं.

"सर... हा रिकामा आहे."

"हाव. पण नाव आहे नं वर, मोठ्या अक्षरात. काचेमागे ठेव, सगळ्यांना दिसेल. पैसे नको देऊ."

शंतनूचे कान लाल झाले. तो उठून उभाच राहिला.

"सर, मी खेळाडू आहे! खोके मिरवणारा वाटलो का तुम्हाला?"





शंतनूने खोक्यावरचं नाव एकदा वाचलं आणि तो हळूच खाली बसला. खोका त्याने टेबलावर ठेवला. मग फोन काढून तोंडाजवळ धरला आणि आमच्यासमोरच संघाच्या ग्रुपवर निरोप टाकला.

"ऐका रे. कार्ड बदललं. एक पायरी खालचं घेतोय. ज्याला हसायचंय त्याने रविवारी मॅच झाल्यावर हसावं."

लगेच उत्तर वाजलं. "काय कप्तान, पैसे संपले का बाप्पा?"

"संपणारच आहेत," शंतनू म्हणाला. "म्हणून नीट संपवतोय."

त्याने फोन खिशात टाकला. सरांनी मला मान हलवून खूण केली. मी चांगला सप्लाय काढायला आत गेलो.

शनिवारी मशीन जुळवलं. दोन्ही बाजूंना जाळी, आत एकही दिवा नाही. शंतनू शेजारी बसून होता. एकदाच म्हणाला, "सर, एखादा पंखा तरी रंगीत..." आणि सरांनी वर बघायच्या आधी स्वतःच म्हणाला, "नको."

रविवारी पारा त्रेचाळीसवर होता. स्पर्धा साडेचार तास चालली. मशीन एकदाही बंद पडलं नाही.

सोमवार, २२ एप्रिल. थोडे ढग, पाऊस नाही.

शंतनू दुकान उघडायच्या आधीच पायरीवर येऊन बसला होता. मान वर.

"सर, दुसरे आलो. पंधरा संघांत."

"हं."

"पहिला संघ पातूरचा. त्यांची कप्तान सायली खंडारे म्हणून आहे. शेवटच्या फेरीत तिने मला अशा कोपऱ्यातून टिपलं, सर, की मी खुर्चीतून उठून टाळ्या वाजवल्या. खोलीत एकटाच! पुढच्या वेळी तो कोपरा मी सोडणार नाही. कसा धरायचा, तेही कळलंय मला."

"तिचं कार्ड कोणतं?" सरांनी विचारलं.

शंतनूने कपाळावर हात मारला.

"विचारायचं राहिलंच, सर. थांबा, आत्ता मेसेज करतो."

सरांनी त्याच्या फोनवर हात ठेवला.

"राहू दे."