अनसूची खिरापत

अनसूच्या घरात सगळंच थोडं थोडं होतं. पीठ थोडं, तेल थोडं. बाबा देवाघरी गेल्यापासून आईचं हसू मात्र थोडंसुद्धा उरलं नव्हतं. दिवसभर ती पळसाच्या पानांच्या पत्रावळी लावायची आणि गप्प बसायची. एकेकाळी भोंडल्याच्या गाण्यात तिचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं म्हणे!

आणि उद्या भोंडला अनसूच्याच अंगणात होता. पाटावरच्या हत्तीभोवती फेर धरायचा, गाणी म्हणायची, मग झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखायची. पण डब्यात घालायचं काय? अनसूला रडूच आलं.

डोळे पुसत ती पानं आणायला रानात गेली. तिथे सोनकीची पिवळीधम्मक फुलं डुलत होती आणि कोळ्याच्या जाळ्यात एक इवलीशी, लुकलुकणारी परी अडकली होती. अनसूने पंख न दुखवता तिला अलगद सोडवलं.

“माग, हवं ते माग,” परी किणकिणली. “पण नियम ऐक हं. स्वतःसाठी मागशील ते लगेच मिळेल, पण सवय झाली की फिकं पडेल. दुसऱ्यासाठी मागशील, तर अर्धं काम तुलाच करावं लागेल.”

अनसू लहानच होती हो! तिने आधी मोरपंखी परकर मागितला. झुळझुळ, चमचम परकर अंगावर आला! गिरक्या घेत ती ओढ्यापर्यंत गेली, आणि परकर घातलाय हेच विसरली. खाली पाहते तर तो चुलीतल्या राखेसारखा फिका!

ती धावत परत आली. “परीताई, माझ्या आईला हसू दे.”

“मग घरात आहे त्याचीच खिरापत कर. पुढचं माझ्याकडे लागलं.”

घरात होते नुसते चिंचोके. अनसूने ते परसात, आईच्या नकळत, खरपूस भाजून डब्यात भरले. तिच्यामागोमाग आलेली परीही टुणकन आत शिरली.

दुसऱ्या दिवशी मुली जमल्या, फेर झाला. अनसूने डबा हलवला. खुळखुळ!

“शेंगदाणे!”

“नाही!”

डबा धबधब वाजला. “लाडू!”

“छे गं!”

मग कुरकुर. “चकल्या!” “शंकरपाळे!” आत परीने नुसता धुडगूस घातला होता. मुलींना ओळखता येईना, पण हार मानतील तर शपथ!

घरात आईचे हात थांबले. तिला राहवेना. बाहेर येऊन तिने डबा कानाशी धरला, वास घेतला, आणि “अगं कार्टे, चिंचोके!” म्हणत अशी खळखळून हसली की अंगणातल्या चिमण्या भुर्रकन उडाल्या. “लहानपणी ओच्यात भरभरून खायचो गं आम्ही!”

तिने पदर खोचला, मुलींचे हात धरले आणि गाणं उचललं. पुन्हा फेर रंगला! अनसूचा फिका परकर पुन्हा मोरपंखी झळकला, आणि आता फिका पडायचं नावच घेईना.

डब्यातून सोनेरी उजेड उसळला. “जिंकलीस गं अनसू!” परी म्हणाली आणि त्या उजेडात विरघळून गेली.

दुसऱ्या सकाळी आई पत्रावळी लावायला बसली, तेव्हा तिचं गाणं पार ओढ्यापर्यंत ऐकू येत होतं.