पातेल्याची कल्हई

“…मग घोट घेताना तुझा डोळा का मिटतो?”

दामूबाबांनी विचारलं आणि मार्तंडनं पेला खाली ठेवला.

“मिटत नाही, बाबा.”

“आत्ता मिटला.”

“झऱ्याचं पाणी गार आहे.”

“मीही तेच प्यायलो.”

…

मार्तंड बावीस वर्षं कॉलेजात व्यायामशिक्षक होता. शिस्त म्हणजे काय, हे जगात आपल्याला एकट्यालाच कळतं असं त्याला वाटे. नोकरी सोडून तो दामूबाबांच्या कोळदऱ्याच्या मठात आला होता, आणि आजपासून नवव्या दिवशी त्याची दीक्षा होती.

मठाची रीत अशी: दीक्षा घेणाऱ्यानं झऱ्याचं पाणी तोंडात धरायचं, समाधीला अकरा फेऱ्या घालायच्या आणि मग ते पाणी वडाच्या मुळाशी सोडायचं. मध्येच सांडलं, तर दीक्षा पुढच्या वर्षी.

मार्तंडला दोन फेऱ्याही जमत नव्हत्या. दातांतून उठलेली कळ थेट कपाळात जायची.

“माझी साधना कमी पडतेय,” शेवटी तो म्हणाला. “मन कच्चं आहे.”

“मनाला कशाला मध्ये घेतोस? तोंड उघड.”

बाबांनी वाकून पाहिलं.

“घासतोस कशानं?”

“कोळसा आणि मीठ. कडक ब्रश. दिवसातून तीनदा, दर वेळी दोनशे हात.” मार्तंडची पाठ ताठ झाली. “एक दिवस चुकलेला नाही, बाबा. पहाटे लिंबूपाणी झालं की लगेच पहिली पाळी. तोंडात आंबट राहूच देत नाही मी.”

“आणि तरी पिवळे?”

“म्हणून तर आता अडीचशे केलेत.”

बाबा मोठ्यानं हसले. वय एकोणऐंशी. त्यांचे दात काही मोत्यासारखे नव्हते, पण सगळे होते.

ते उठले. स्वयंपाकघरातून पितळेचं पातेलं घेऊन आले. बाहेरून पिवळं, आतून कल्हईचं पांढरं.

“आठ दिवस हे तुझं. तुझ्या शिस्तीनं घास. आतून.”

मार्तंडनं घासलं. आधी चिंच, मग विटेची भुकटी. दिवसातून तीनदा. मनगट दुखलं, तरी एक हात कमी केला नाही.

मठात रांधणाऱ्या सोनाक्का दोन दिवस गप्प होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांना राहवेना.

“अहो सर, पातेलं घासताय की त्याच्याशी भांडताय?”

“घासणं कशाला म्हणतात ते बघून ठेवा, सोनाक्का.”

“बघतेय. कल्हईवालाही बघेल.”

आठव्या दिवशी सकाळी मार्तंडनं पातेलं बाबांपुढे ठेवलं. आतून सोन्यासारखं.

“तोंड दिसतंय यात, बाबा.”

“दिसतंय खरं.”

बाबांनी त्यात ताक ओतलं. वर झाकण ठेवलं.

संध्याकाळी झाकण काढलं. कडेनं हिरवट रेघ आली होती. मार्तंडनं बोट बुडवून जिभेला लावलं आणि थुंकला.

“कळकलंय!”

“याच पातेल्यात गेल्या आठवड्यापर्यंत रोज ताक असायचं.”

…

“आत पांढरं होतं,” मार्तंड हळू म्हणाला. “पिवळं मी केलं.”

त्यानं दातांवरून जीभ फिरवली. एकदा. मग पुन्हा.

“कल्हईवाल्याला निरोप धाडू?”

“धाडलाय. शनिवारी येतोय. पातेलं पुन्हा पांढरं होईल.”

“आणि…” मार्तंडचा हात गालाकडे गेला.

बाबांनी नकारार्थी मान हलवली.

…

“तालुक्याला दातांच्या डॉक्टरीणबाई आहेत,” बाबा म्हणाले. “उरलंय ते सांभाळायला शिकवतील. तोवर कोळसा बंद. मऊ ब्रश, दोनदा. आंबट खाल्लं की चूळ भर आणि तासभर दातांना हात लावू नकोस.”

“ब्रश किती हात फिरवायचा?”

“मोजायला लागलास की जोर येतो.”

मार्तंडनं मान खाली घातली. मग विचारलं, “उद्याची दीक्षा?”

“उद्याच.”

“पण पाणी…”

“कोमट करून घे.”

मार्तंड ताडकन उभा राहिला.

“कोमट? इथं आजवर कुणी कोमट घेतलेलं नाही!”

“झरा गार आहे म्हणून. पाणी कसं असावं ते कुणी सांगितलेलं नाही.”

“लोक हसतील, बाबा. भर थंडीत पोरांना गार पाण्यानं आंघोळ करायला लावणारा माणूस मी. सोनाक्कासुद्धा हसतील.”

बाबांनी पातेलं उचललं आणि ताक मोरीत ओतून दिलं.

“हसू देत. तुझं तोंड बंद असेल. दात त्यांचे दिसतील.”