शिंजिरीने सोडलेला मध

पानगळ उरकलेल्या एका रानात, वनदेवीच्या शेंदरी दगडाजवळ एक पळस उभा होता आणि त्याच्या शेजारच्या बोरीवर एक शिंजिरी राहत असे. मुलांनो, शिंजीर म्हणजे आपल्या अंगठ्याएवढा, वाकड्या चोचीचा, फुलांतला मध पिणारा पक्षी. शिंजिरी ही त्याची मादी. आदल्या वर्षी तिची पिले पंख फुटण्याआधीच गेली होती. या वर्षी तिच्या लोंबत्या घरट्यात पुन्हा दोन पिले आली, तेव्हा ती आधी वनदेवीपुढे जाऊन बसली. आपल्याकडे बायका चातुर्मासात आवडीची एखादी वस्तू सोडतात ना, कुणी गूळ सोडते, कुणी चहा, तसाच नेम तिने केला. "आई, माझी पिलं उडेपर्यंत मी फुलाला चोच लावणार नाही," ती म्हणाली. "एवढी दोन मला जगव."

आणि नेमका त्याच सुमारास पळस फुलला. अंगावर एक पान नाही, नुसती फुले. काळपट मखमली कळ्या सकाळच्या उन्हात सैल होत आणि त्यांच्यातून केशरी पाकळ्या अंग वळवत बाहेर येत. पाकळ्यांवर बारीक लव होती, तान्ह्या बाळाच्या कानामागे असते तशी. तळाशी मध इतका साचे, की वाऱ्याने डहाळी हलली तर एका फुलातला थेंब ओघळून दुसऱ्यावर पडे. पळसाला वास नसतो असे म्हणतात, पण दुपारी तापलेल्या मधाचा गोडवा हवेलाच चिकटून राही. जवळच्या करवंदीच्या जाळीवर पांढरी फुले घमघमत, तो वास त्यात मिसळे. मैना फुलात मान खुपसून बाहेर काढी, तेव्हा तिचे डोळे मिटलेले असत. मधमाश्या तर आत गेल्या की बाहेर यायलाच विसरत.

शिंजिरी पळसाकडे पाठ करून बसू लागली. तरी कोमट पाकळ्यांचा वास यायचाच. तिची चोच आपोआप उघडायची, आणि ती पुन्हा घट्ट मिटून घ्यायची. बुलबुलाला तिची गंमत वाटे. तो रोज तुरा उडवत विचारी, की काय शिंजीरताई, आज तरी पारणं आहे का, की कायमची जोगीण झालीस? पिलांचा बाप मात्र दिवसभर दुसऱ्या नरांना पळसावरून हुसकावण्यातच दंग होता. घरट्याकडे फिरकायला त्याला वेळ नव्हता.

तिचा निर्धार कणभरही हलला नाही. पण पिले वाढेनात. पिलांना मध पुरत नाही, त्यांना किडे आणि कोळी लागतात. रानातले सगळे किडे तर मधापाठोपाठ फुलांत जाऊन बसलेले. शिंजिरी बोडक्या फांद्या आणि तापलेले खडक शोधत फिरे आणि रिकामी परते. मध पोटात नसल्यामुळे तिच्या पंखांतही बळ उरले नव्हते. पिलांचे ओरडणे आधी बारीक झाले, मग थोरल्याने मान उचलणेही सोडले. हे पाहून तिला वाटले, आपलाच नेम कुठेतरी कमी पडतोय. तिने तो आणखी कडक केला. सकाळचे दंव पिणेही बंद केले.

दुसऱ्या दिवशी एक म्हातारी मधमाशी दम खायला बोरीवर टेकली. तिचे पंख कडेने फाटले होते. तिने घरट्यात डोकावून पाहिले, मग शिंजिरीकडे पाहिले आणि पिलांना खायला काय दिलेस म्हणून विचारले. शिंजिरीने आपल्या नेमाची सगळी हकिगत सांगितली. फुलांत किडे आहेत हे तिला ठाऊक होते, पण फुलाला चोच लावायची नाही हा शब्द दिलेला, तो मोडला तर देवी पिले परत नेईल, असेही म्हणाली.

"बाई गं, नेम तू केलास," मधमाशी म्हणाली, "उपास मात्र या दोघांना घडतोय."

"पण मावशी, मी माझ्या जिवाची सगळ्यात लाडकी गोष्ट सोडली आहे. स्वतःसाठी नाही सोडली."

"ते खरंच. पण हा पळस फुलवला कुणी? तिनंच ना? तिनं पाटावर ताट वाढलं, आणि तू पाठ फिरवून बसलीस. फूल उमलतं ते कुणीतरी यावं म्हणून उमलतं." एवढे बोलून मधमाशी उडाली. तिला अजून पुष्कळ फुले गाठायची होती.

शिंजिरी घरट्यात गेली. चाहूल लागताच धाकट्याने चोच उघडली. आवाज फुटला नाही, पण चोच पूर्ण उघडी होती, आतून ओली, मऊ, पळसाच्या पाकळीसारखी केशरी. ती बघतच राहिली. मग वळली आणि वनदेवीपुढे आली.

"आई, नेम मी टाकत नाही, बदलते," ती म्हणाली. "पिलं उडेपर्यंत या पळसाचं एकही फूल चुकवणार नाही. आधी पिलांचा घास काढीन, मग माझा घोट घेईन. चुकत असेन तर मला काय ती शिक्षा कर, त्यांना नको."

आणि तिने पहिल्या फुलात चोच घातली. लव गालाला लागली. पाकळीआड दडलेला चिलटांचा घोळका तिने टिपला, तो घरट्यात पोचवला, आणि परत येऊन तळाचा मध घेतला. इतक्या दिवसांनी तो गोडवा अंगात उतरला. पण ती तिथे रेंगाळली नाही. पुढचे फूल, घरटे, पुन्हा पुढचे फूल. उष्ण वारे सुटले तरी ती थांबली नाही. शेंड्यावरची फुले गाठताना वारा तिला बाजूला फेकी, ती वळून पुन्हा येई. खालच्या डहाळीवरचे सुकत आलेले फूलही तिने सोडले नाही. थोरल्याने मान उचलली तो दिवसही तिने तसाच कामात घालवला. बुलबुल आता चिडवत नव्हता. ती येताना दिसली की फांदीवर सरकून वाट देई.

एका सकाळी धाकटे पिलू घरट्याच्या तोंडाशी आले, डगमगले आणि उडाले. धडपडत ते थेट पळसाच्या घोसावर आदळले आणि त्याचे डोके एका फुलात शिरले. बाहेर आले तेव्हा कपाळभर पिवळे पराग लागले होते. मागोमाग थोरलेही आले. शिंजिरीने दोघांना डोळे भरून पाहिले. त्यांच्यामागे जायचे, की झाडावरची उरलेली फुले पुरी करायची, असा क्षणभर विचार केला. मग तिने पिलांना हाक मारली आणि पुढच्या डहाळीवरच्या फुलाकडे निघाली. दोघे तिच्या मागोमाग गेले.

तात्पर्य : देवाने फुलवलेल्या बहराकडे पाठ फिरवणे ही भक्ती नव्हे, आपला निश्चय कुणाच्या तरी मुखी घास घालील अशा कामाला लावावा, म्हणजे तो देवापर्यंत पोचतो.