एकूण समाजाची वानगी

मंडळी, भरवसा कोणावर ठेवाल? आपल्यापुरतं बोलणाऱ्यावर, की सगळ्यांच्या वतीने बोलणाऱ्यावर?

फार पूर्वी आमच्या पेठेतल्या चिंचेखाली एक गाढव दुपारी विसावत असे. त्याच चिंचेवर एक पोपट राहायला आला. तो इंग्रज साहेबाच्या बंगल्यावर वाढलेला. साहेबाला स्वतःला काही हवं असलं, की तो "एकूण समाजाला असं वाटतं" अशी सुरुवात करायचा. पोपटाने तेवढंच नेमकं उचललं होतं.

एकदा गाढवाच्या ओरडण्याने झोपमोड झाली, तसा पोपट गरजला, "एकूण समाजाला वाटतं, गाढवाने पेठेबाहेर उन्हात उभं राहावं!"

एवढा मोठा समाज विरुद्ध गेलेला ऐकून गाढव बिचारं निघालंच. तेवढ्यात धान्याची गाडी ओढणारा म्हातारा बैल म्हणाला, "थांब रे जरा. पोपटराव, आपल्या पेठेत पोतं घेण्याआधी मूठभर वानगी बघतात. तुमच्या समाजातले चार जण तरी दाखवा."

"पहिला मी."

"बरं. दुसरा?"

"दुसरी आमची सौभाग्यवती."

ढोलीतून पोपटीण ओरडली, "मला कधी विचारलंत हो? मला तर तुमच्या घोरण्याचाच त्रास जास्त होतो!"

"तिसरा?"

"साहेब," पोपट पुटपुटला, "पण तो विलायतेला गेलाय."

गाढव सावलीत परतलं.

तेव्हा बाबांनो, समाजाच्या नावाने बोलाल तेव्हा डोकी प्रामाणिकपणे मोजा, आणि आपलं डोकं एकदाच धरा.